कृत्रिम डोळा : टिकाऊपणा, झिलई आणि निगा

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचे काम चालू असताना श्री भैरवनाथांचे चांदीचे डोळे मूर्तीवरून उतरवून उजळण्यासाठी सोनाराकडे दिले होते. त्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी गाभाऱ्यात डोकावून पाहिले त्यांना चुकल्यासारखे झाले. मूर्ती तीच, शेंदूर तोच, परंतु नाथ ओळखू येईनात. पुढे काळवंडलेली चांदी लखलखीत होऊन आली, डोळे जागेवर बसले आणि वयोवृद्ध माणसांचे हात आपोआप जोडले गेले. देवाला पाहण्यासाठी चांदीच्या डोळ्यांची गरज नसते. भक्ताला देवाच्या दृष्टीस दृष्टी देता यावी म्हणून ते डोळे असतात.

माणसाला बसवतात त्या कृत्रिम डोळ्याचेही तसेच आहे. त्याने दिसत नाही. परंतु समोरच्या माणसाने आपल्याकडे सरळ पाहावे, मान फिरवू नये, एवढे मोठे काम तो करतो. हा डोळा कशाचा करतात, तो किती टिकतो, आणि त्याच्या टिकण्यात झिलईचा वाटा केवढा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. देवळात हा विषय कशाला, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर पुढे येईलच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कृत्रिम डोळा हा गोटीसारखा वाटोळा गोळा नसतो. शस्त्रक्रिया करून डोळा काढावा लागला, तर त्या जागी आतमध्ये एक लहान गोळा कायमचा बसवतात आणि त्यावर डोळ्याचे स्नायू व नाजूक त्वचा ओढून घेऊन शिवतात. जखम भरण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्यानंतर पापण्यांच्या आड, त्या त्वचेवर, एक पातळ वाटीसारखे कवच बसवतात. बाहेरून दिसतो तो कृत्रिम डोळा म्हणजे हे कवच. आतला गोळा स्नायूंबरोबर हलतो, म्हणून वरचे कवचही थोडेफार हलते. ते काढता येते, धुता येते व पुन्हा बसवता येते.

डोळ्याची उणीव भरून काढण्याची माणसाची धडपड फार जुनी आहे. इराणच्या पूर्वेकडील शहर-ए-सोख्ता येथील उत्खननात २००६ साली एका स्त्रीच्या सांगाड्याच्या खोबणीत कृत्रिम डोळा सापडला. ती स्त्री सुमारे ४८०० वर्षांपूर्वीची. डांबरासारख्या हलक्या पदार्थाच्या लगद्याचा तो गोळा होता व त्यावर सोन्याचा अगदी पातळ थर दिलेला होता, असे संशोधक सांगतात. म्हणजे त्या काळीही कारागिराला दोन गोष्टी कळत होत्या. आतला पदार्थ हलका हवा, आणि वरचा पृष्ठभाग गुळगुळीत व न गंजणारा हवा. सोळाव्या शतकात फ्रान्समधील प्रसिद्ध शस्त्रवैद्य आंब्रुआज पारे ह्यांनी सोन्या-चांदीवर मिनाकाम केलेल्या डोळ्यांचे वर्णन करून ठेवले आहे. धातू टिकाऊ खरा, परंतु तो जड, आणि त्यावरील मिन्याचा टवका उडाला तर खालची कड बोचते.

ह्यानंतर काचेचे युग आले. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचे डोंगरातले छोटे गाव आहे. तेथे घरोघरी काच फुंकण्याचा धंदा चाले. बाहुल्यांचे डोळे करणाऱ्या लुडविग म्युलर-उरी नावाच्या कारागिराने १८३५ मध्ये माणसासाठी डोळे करण्यास प्रारंभ केला. पुढे १८६८ मध्ये क्रायोलाइट नावाचे खनिज घातलेली दुधी काच त्याच्या हाती आली. डोळ्याचा पांढरा भाग जसा अगदी पांढराशुभ्र नसतो, तशीच ही काच. काचेची नळी ज्योतीवर धरायची, फुंकून फुगा करायचा, रंगीत काचेच्या बारीक कांड्यांनी बुबुळ रेखायचे, तांबड्या काचेच्या तारेने शिरा ओढायच्या, आणि शेवटी तापलेल्या काचेला वाटीचा आकार द्यायचा, अशी ही विद्या. लाउशाच्या काचडोळ्यांची कीर्ती जगभर पसरली. जर्मनीत आजही काचेचे डोळे होतात व वापरले जातात.

काचेचा मोठा गुण असा की, तिला निराळी झिलई द्यावी लागत नाही. ज्योतीवर वितळून थंड झालेल्या काचेचा पृष्ठभाग मूळचाच नितळ असतो, आणि अश्रूंचे पाणी त्यावर सहज पसरते. तिचे दोषही दोन आहेत. पहिला सर्वांस ठाऊक आहे : हातून निसटली की फुटली. दुसरा दोष सहसा लक्षात येत नाही. अश्रू खारट असतात. त्या खाऱ्या पाण्यात अहोरात्र भिजत राहिल्याने काचेचा वरचा थर हळूहळू झिजतो, खरखरीत होतो, आणि साधारण एक-दोन वर्षांत डोळा बदलावा लागतो. काच ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी कठीण आहे, तरी सतत पाझरणाऱ्या थेंबाने ती हार खाते. गोमुखातून वर्षानुवर्षे पाणी पडून खालच्या पाषाणाला खळगा पडतो, तसाच काहीसा हा प्रकार.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला जर्मनीकडून मिळणारे काचेचे डोळे बंद झाले, आणि डोळा गमावलेल्या सैनिकांची संख्या तर वाढत चालली. तेव्हा मार्ग काढला दंतवैद्यांनी. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून कवळ्यांसाठी ॲक्रिलिक वापरण्यास सुरुवात झाली होती. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिमिथाइल मिथाक्रिलेट. जो पदार्थ तोंडात लाळेत राहूनही त्रास देत नाही, तो डोळ्यात अश्रूंत का राहू नये, असा विचार करून अमेरिकी लष्करातील स्टॅन्ली अर्फ, मिल्टन विर्ट्झ व व्हिक्टर डिएट्झ ह्या दंतवैद्यांनी १९४३-४४च्या सुमारास ॲक्रिलिकचे डोळे तयार केले. गावातील ज्या वडीलधाऱ्यांच्या तोंडात कवळी आहे, त्यांनी ध्यानात घ्यावे की कवळी आणि कृत्रिम डोळा ही एकाच पदार्थाची भावंडे आहेत.

तिसरे भावंडही सांगण्याजोगे आहे. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ह्याच ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले असता डोळा ते मुकाट्याने सहन करतो, हे लंडनचे नेत्रवैद्य हॅरॉल्ड रिडले ह्यांच्या ध्यानी आले. त्यावरून १९४९ मध्ये त्यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात ॲक्रिलिकचे पहिले भिंग बसवले. आज खेडोपाडी मोतीबिंदूनंतर भिंग बसते, त्या विद्येची सुरुवात येथे झाली.

आता ॲक्रिलिकचा डोळा कसा होतो ते पाहू. डोळ्याच्या खोबणीत मऊ लगदा घालून प्रथम माप घेतात. त्यावरून मेणाचा नमुना करून तो पापणीआड बसवून पाहतात, कमी-जास्त करतात. मेण नीट बसले की प्लास्टरचा साचा होतो. ॲक्रिलिकची पूड व त्याचा द्रव एकत्र कालवून कणकेसारखा गोळा करतात, साच्यात दाबून भरतात आणि गरम पाण्यात शिजवतात. हे शिजणे पुरते झाले पाहिजे. घाईत उरकले तर मूळ द्रवाचा अंश आत कच्चा राहतो, आणि तो डोळ्यात झोंबतो. पांढरा भाग तयार झाला की चांगला डोळा पाहून त्याच्या जोडीचे बुबुळ रंगवतात, तांबड्या रेशमाचे सुटे तंतू लावून शिरा दाखवतात, आणि ह्या सर्वांवर पारदर्शक ॲक्रिलिकचा थर चढवून पुन्हा शिजवतात. रंग व तंतू आत बंद होतात, म्हणून ते धुतल्याने जात नाहीत.

ह्यानंतरचे काम झिलईचे. साच्यातून निघालेला डोळा ओबडधोबड असतो. ॲक्रिलिकला काचेसारखी जन्मजात झिलई नाही, ती हाताने आणावी लागते. आधी जाड कागदाने घासायचे, मग त्याहून बारीक कागदाने, मग ओल्या प्यूमिस दगडाच्या पुडीने फिरत्या चाकावर, आणि शेवटी अगदी मऊ कापडाच्या चाकावर बारीक पॉलिश लावून. आपल्या सभामंडपाची फरशी घासताना ज्यांनी पाहिली, त्यांना हा क्रम परका वाटणार नाही. जाड दगडाचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय बारीक दगड लावला, तर वरून चकाकी येते पण ओरखडे आतच राहतात. डोळ्याच्या कामात तर चाकावर जोर देऊनही चालत नाही. घर्षणाने ॲक्रिलिक तापते, आणि तापले की आकार बिघडतो. म्हणून पाणी लावत, सावकाश, आतून-बाहेरून आणि कडेनेही झिलई करावी लागते. बाहेरची बाजू लोकांना दिसते, परंतु आतली बाजू त्या नाजूक त्वचेला रात्रंदिवस लागलेली असते. जी बाजू कोणाला दिसत नाही तिच्या झिलईवरही कारागिराची पारख होते.

एवढी खटपट कशासाठी? निव्वळ चमक दिसावी म्हणून? तसे नाही. माणूस मिनिटाला सरासरी पंधरा वेळा पापणी लववतो. जागेपणीचे सोळा तास धरले तर दिवसाकाठी हा आकडा चौदा हजारांच्या पुढे जातो. इतक्या वेळा पापणीची आतली बाजू कवचावरून सरकते. पृष्ठभाग नितळ असेल तर ती पाण्यावरून सरकल्यासारखी सरकते. ओरखडे असतील तर त्या प्रत्येक चरीत अश्रूंतील प्रथिने व धूळ साचतात, त्यांचा खर चढतो, त्यावर जंतू वाढतात, पापणी आतून लाल होते आणि चिकट पाणी येऊ लागते. गाडग्याची खरखरीत आतली बाजू आणि घासून लखलखीत केलेले पितळी भांडे ह्यांत दुधाचा अंश कशात राहतो, हे घरातील माताभगिनींना सांगावयास नको.

टिकाऊपणाचा खरा अर्थ येथे कळतो. खनिजांचे काठिण्य मोजण्याची एक पट्टी आहे. तीत शंखजिरे एकवर आणि हिरा दहावर. काच साडेपाचच्या आसपास येते, ॲक्रिलिक तीनच्या आसपास, आणि आपल्या रस्त्यावरच्या धुळीतील गारगोटीचे कण सातवर. म्हणजे शेतातली धूळ ॲक्रिलिकला सहज ओरखडते. तरीही ॲक्रिलिकचा डोळा काचेहून अधिक वर्षे चालतो. कारण तो पडून सहसा फुटत नाही, अश्रूंनी खरखरीत होत नाही, आणि ओरखडला तर पुन्हा घासून नवा करता येतो. कठीण ते टिकते असे आपण समजतो. वस्तुतः ज्याची डागडुजी होऊ शकते, आणि ज्याची डागडुजी वेळच्या वेळी केली जाते, ते टिकते.

म्हणून निगेचे चार नियम सांगणे अवश्य आहे. पहिला, वर्षातून एकदा तरी कृत्रिम डोळे करणाऱ्या तज्ज्ञाकडे जाऊन डोळ्याला झिलई करून घ्यावी, आणि सुमारे पाच वर्षांनी डोळा नवा करावा की काय ते विचारावे. दुसरा, धुताना स्वच्छ पाणी व सौम्य साबण एवढेच वापरावे. स्पिरिट लावू नये, त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. उकळत्या पाण्यात टाकू नये. राख, रांगोळी किंवा दंतमंजन लावून घासणे म्हणजे आपल्या हाताने ओरखडे पाडणे होय. कोरड्या पंचाने खसाखसा पुसू नये. तिसरा, काढलेला डोळा कोरडा ठेवू नये, झाकणाच्या डबीत स्वच्छ पाण्यात ठेवावा. धुताना खाली पाण्याने भरलेले पातेले ठेवावे, म्हणजे निसटला तरी मोरीत जाणार नाही. चौथा, विनाकारण दररोज काढू नये. न्यूझीलंडमधील पाहणीत असे दिसले की जे वारंवार काढून धुतात त्यांनाच स्रावाचा त्रास अधिक. अश्रूंचा पातळ थर कवचावर बसला की पापणी सुखाने सरकते, असे तेथील संशोधकांना वाटते. लाली आली, दुखू लागले किंवा पू आला तर मात्र घरगुती उपाय न करता नेत्रवैद्याकडे जावे.

एक गोष्ट ह्या चार नियमांपलीकडची आहे. ज्याला एकच डोळा उरला त्याने त्या डोळ्याला जपावे. नंबर असो वा नसो, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा सदैव वापरावा. उसाचे पाते, बाभळीचा काटा, मळणीतला भुसा, दिवाळीचा फटाका, ह्यांना किती डोळे उरले आहेत ह्याचा हिशेब ठाऊक नसतो.

आता, देवळात हा विषय कशाला, ह्याचे उत्तर. लहान मुलाच्या डोळ्याच्या बाहुलीत कधीकधी मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते. मूल तिरळे पाहू लागते. ही चमक कर्करोगाची खूण असू शकते. तो वेळीच ओळखला तर पुष्कळदा मूल वाचते, काही वेळा डोळाही वाचतो. परंतु रोग वाढलेला असेल तर प्राण वाचवण्यासाठी डोळा काढावा लागतो. अशा वेळी आईबापांचा धीर सुटतो. पोरीचा चेहरा विद्रूप होईल, उद्या तिचे लग्न कसे होईल, असे म्हणून ते मुलीला घेऊन परत येतात, देवाला चांदीचे डोळे बोलतात आणि वाट पाहतात. त्या वाट पाहण्यात रोग डोळ्यातून पुढे मेंदूकडे जातो. नवस खोटा नाही, आईबापांची माया तर मुळीच खोटी नाही. त्यांना माहिती नसते ती एवढीच, की काढलेल्या डोळ्याच्या जागी, चांगल्या डोळ्याशी जुळणारा, वर्षानुवर्षे टिकणारा डोळा बसवता येतो, आणि ती पोर शाळेत चार मुलींत मिसळून बसू शकते. ही माहिती वेळेवर मिळाली तर एक जीव वाचतो. जेथे आईबाप नवस बोलायला येतात, तेथेच ती मिळाली पाहिजे.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. मूल वाढते तशी डोळ्याची खोबणीही वाढावी लागते, आणि आत योग्य मापाचे कवच असेल तर ती वाढीस मदत होते. म्हणून मुलांचा डोळा मोठ्या माणसांपेक्षा अधिक वेळा तपासून घ्यावा, वाढवून घ्यावा किंवा नवा करावा. तयार मिळणारा डोळा स्वस्त पडतो, परंतु तो नेमका बसतोच असे नाही. दुसऱ्याच्या मापाची वहाण पायाला लागते, मग दुसऱ्याच्या मापाचा डोळा कसा लागणार नाही? मापाने केलेला डोळाच घ्यावा.

नेत्रदानाने पूर्ण डोळा बदलून मिळेल, अशीही काहींची समजूत असते. नेत्रदानातून डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा दुसऱ्याला बसवतात. पूर्ण डोळ्याचे रोपण २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथमच झाले, परंतु त्या डोळ्याला दृष्टी आली नाही. नेत्रदान अवश्य करावे, पारपटल गढूळ झालेल्यांना त्याने दृष्टी मिळते. ज्याचा डोळाच गेला त्याला मात्र कारागिराने घडवलेल्या डोळ्याचाच आधार आहे.

शेवटी एक कटू गोष्ट. वाटेत एकाक्ष माणूस भेटला तर अपशकुन झाला असे मानून परत फिरणारी माणसे खेड्यापाड्यांत अजून आहेत. लग्नाच्या मांडवात अशा बाईला मागे बसवले जाते. ह्या माणसांनी आपल्याच पुराणांची आठवण करावी. बळीराजाचे दान अडवण्यासाठी शुक्राचार्य झारीच्या तोंडात जाऊन बसले व दर्भाच्या टोकाने त्यांचा एक डोळा गेला. त्यावरून झारीतील शुक्राचार्य हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. परंतु डोळा गेला म्हणून त्यांचे गुरुपद गेले नाही. पंजाबचे महाराजा रणजितसिंग ह्यांचा डावा डोळा लहानपणी देवीच्या रोगाने गेला, तरी त्यांनी मोठे राज्य उभारले. मन्सूर अली खान पतौडी ह्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १९६१ मध्ये मोटार अपघातात गेली, आणि पुढच्याच वर्षी वयाच्या एकविसाव्या वर्षी ते भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार झाले. अपशकुन डोळ्यात नसतो, पाहणाऱ्याच्या मनात असतो. त्या मनालाही अधूनमधून झिलई लागते.

दात्यांना एक विनंती करून हे व्याख्यान पुरे करणे उचित होईल. नाथांना चांदीचे डोळे अवश्य वाहावे. सोबत ज्या घरी कृत्रिम डोळा वापरणारे कोणी असेल, त्याच्या वर्षाच्या झिलईसाठी शहरापर्यंतचे एसटीचे भाडे आणि एक दिवसाची बुडालेली मजुरी कोणी देऊ शकले, तर तोही नवस फिटल्यासारखाच होईल. डोळा बसवून देण्यासाठी पुष्कळ हात पुढे येतात. दर वर्षी तो उजळून आणण्यासाठी येत नाहीत. आणि खरा टिकाऊपणा त्या दुसऱ्या कामात आहे.

मंदिराचेही असेच नाही काय? आज कळस झळकत आहे, फरशीत चेहरा दिसत आहे, नाथांचे डोळे लखलखत आहेत. जीर्णोद्धार एकदा झाला. परंतु उद्या धूळ बसणार, परवा चांदी काळवंडणार. जो गाव दर वर्षी आठवणीने चांदी उजळतो, गळके कौल बदलतो, पायरीचा निखळलेला दगड बसवतो, त्या गावाचे देऊळ टिकते. जो गाव आपल्या माणसांच्या उणिवांकडे मान न फिरवता पाहतो, तो गावही टिकतो.

बोला, भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!